पिंजऱ्यातला बघण्याचा कार्यक्रम

माझा शेवटचा बघण्याचा कार्यक्रम समुद्रात झाला. समुद्रकिनारी नव्हे, चक्क समुद्रात, लोखंडी पिंजऱ्यात, आणि बघायला शार्क आले होते. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि लगेच विचारतात, "मग ठरलं का?" आपल्या लोकांना शार्कचं काय पडलंय!

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा क्राइस्टचर्चला हॉर्नबी या उपनगरात राहायचे आणि तिथल्याच एका फार्मसीत नोकरी करायचे. मुंबईची पदवी इकडे कोणी विचारत नव्हतं, म्हणून पुन्हा अभ्यास करून, परीक्षा देऊन रजिस्ट्रेशन मिळवलं होतं. वय तिशीच्या पुढे, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने उलटून गेलेलं. इकडच्या लोकांना तिशीत माणूस तरुण वाटतो, पण आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत माझ्याकडे सगळ्या बायका अशा बघायच्या की मी बरी न होणारी पेशंट आहे.

घरात मी आणि आई. वडील गेल्यावर मी आईला कायमची इकडे घेऊन आले. मला भाऊ नाही, बहीण नाही. अलिबागचं घर काकांनी गोड बोलून कधीच घशात घातलं होतं. आली तेव्हा आई घाबरलेली होती, पण थोड्याच दिवसांत तिने सगळं हॉर्नबी खिशात घातलं. बसने एकटी मॉलमध्ये जायची. कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याला, म्हणजे इकडच्या वाण्याला, रोज माओरी लोकांसारखं "किया ओरा" म्हणून नमस्कार करायची आणि त्याच्या गुडघ्याची चौकशी मराठीत करायची. शेजारच्या म्हातारीला तिने घावने करायला शिकवले होते. पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा तिला कोणी 'आज जेवायला काय' असं विचारत नव्हतं, आणि त्या सुखाने ती चांगली गुटगुटीत झाली होती.

फक्त एक खोड गेली नव्हती. कोणी काही म्हणालं की ही लगेच "हो हो, तुम्ही म्हणाल तसं." आयुष्यभर सासरी हेच म्हणून म्हणून तिच्या जिभेला वळण पडलं होतं.

आता वहिनी. क्राइस्टचर्चच्या यच्चयावत मराठी माणसांच्या त्या वहिनी. नवरा हॉस्पिटलात भूल द्यायचा. तो पेशंटना झोपवायचा आणि वहिनी बाकी सगळ्यांना जागं ठेवायच्या. लग्नं जमवायचं त्यांना व्यसन होतं. त्यांनी ऑकलंडहून एक स्थळ आणलं. हिल्सबरोला स्वतःचं घर, मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर, निर्व्यसनी. "मुलगा हीप्स चांगला आहे गं, खूप खूप चांगला," वहिनी म्हणाल्या. "मम्मी त्याच्याजवळच असतात. जरा जुन्या वळणाच्या आहेत, पण मनाने स्वीट."

त्याच संध्याकाळी मी कामावरून आले तेव्हा आई फोनवर वहिनींशी बोलत होती. मी दारात बूट काढत होते. आई म्हणत होती, "छे छे, माझी काय अडचण? ही मार्गी लागली की मी परत जाणारच आहे. त्यांना तसं सांगून ठेवा."

मी एक बूट पायात तसाच ठेवून आत गेले. "कुठे जाणार आहेस परत? कोणाकडे?"

"बघू गं," आई म्हणाली. "कुठेतरी होईल सोय."

कुठेतरी! माझं डोकंच फिरलं. त्या दिवशी मी ठरवलं की लग्न व्हायचं तर होईल, पण आई माझ्याबरोबर राहील. मुलगा कितीही चांगला असो, पहिली गोष्ट ही बोलायची आणि त्याच्या तोंडून ऐकायची. बाकी त्याचं घर, गाडी, पगार, पत्रिका सगळं गेलं चुलीत.

आणि मग वहिनींचा पुन्हा फोन आला. मुलाने म्हणे निरोप दिला होता की पोहे-बिहे नकोत, घरात बसून एकमेकांना प्रश्न विचारणं त्याला कृत्रिम वाटतं. कायकोराला बोटीतून समुद्रात नेतात, पिंजऱ्यात बसवतात आणि शार्क दाखवतात, दिवसभराची सहल असते. तिथे भेटू. जरा रिस्क घेतली की माणूस खरा कळतो.

खोटं कशाला सांगू, मला तो तिथेच निम्मा आवडला. आजवरच्या मुलांनी मला 'गाता येतं का' आणि 'आणखी शिकायचा विचार आहे का' यापलीकडे काही विचारलं नव्हतं. एकाने तर माझ्या चष्म्याचा नंबर वहीत लिहून घेतला होता. आणि हा म्हणतो, चल शार्क बघू! मी ताबडतोब हो म्हटलं. त्यानंतर वहिनी म्हणाल्या, "मम्मीपण येणार आहेत हं. आणि तुझ्या आईला घे. आणि मी तर आहेच." म्हणजे फक्त पोहे वगळले होते, बाकी कार्यक्रम जसाच्या तसा शाबूत होता. पुढे कळलं की पोहेही वगळलेले नव्हते. वहिनींनी स्टीलचा मोठा डबा भरून आणले होते.

आदल्या दिवशी साडीवरून महाभारत झालं. वहिनींचा हुकूम होता की मुलीला मम्मींनी पहिल्यांदा बघावं ते साडीतच. मी म्हटलं, "अहो, बोटीवर? शार्क बघायला?" तर म्हणाल्या, "पाण्यात उतरताना काय ते बदल ना." आई आधीच ट्रंकेतून नारायणपेठ काढून बसली होती. शेवटी मी आतून टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घातले, वरून नारायणपेठ नेसले, पायात स्पोर्ट्स शूज आणि अंगात पोलर फ्लीसचं जाकीट. आरशात बघितलं आणि मला स्वतःलाच नकार द्यावासा वाटला.

वहिनींच्या व्हॅनमधून आम्ही निघालो. मुलगा आणि मम्मी आदल्या रात्री विमानाने येऊन वहिनींकडेच उतरले होते. मुलगा दिसायला चांगला होता, अगदी खरंच चांगला. हसला की एक गाल जरा जास्त हसायचा. पायात जँडल्स, म्हणजे इकडच्या रबरी चपला, अंगात साधा टी-शर्ट. मी व्हॅनमध्ये चढताना माझ्या साडीकडे बघून हळूच म्हणाला, "सॉरी. ही माझी आयडिया नव्हती." मी म्हटलं, "माझीपण नव्हती." तेवढ्यात पुढच्या सीटवरून मम्मी म्हणाल्या, "मोजे घाल आधी, गार आहे." चौतिशीचा तो डॉक्टर, दिवसभर लोकांची हृदयं तपासणारा, त्याने निमूट बॅगेतून मोजे आणि बूट काढले, जँडल्स बाजूला ठेवल्या आणि ते घातले. मी ते बघितलं, पण तेव्हा मला ते गोड वाटलं. बाईमाणूस एकदा निम्मी पाघळली की तिला काहीही गोड वाटतं.

कायकोराला धक्क्यावर बोटीचा कप्तान उभा होता. लाल दाढी, अर्धी चड्डी, रबरी गमबूट. त्याने माझी साडी खालपासून वरपर्यंत बघितली आणि विचारलं, "किया ओरा! लग्न आहे का आज?"

"अजून नाही," मी त्याला इंग्रजीत म्हटलं. "आधी शार्कना पसंत पडायला हवं."

"स्वीट ॲज," तो म्हणाला, म्हणजे इकडच्या भाषेत झकास, आणि त्याने आम्हाला हात देऊन बोटीत घेतलं. मग नियम सांगितले. पिंजरा बोटीला बांधलेला असतो, पाण्यावर तरंगतो, त्यात दोघं मावतात. तोंडात श्वास घ्यायची नळी धरायची, डोकं पाण्यात घालायचं. पोहता नाही आलं तरी चालतं. हात मात्र गजांच्या बाहेर काढायचा नाही. मम्मींनी विचारलं, "गॅरंटी आहे ना?" कप्तान म्हणाला, "शार्क येतील याची की जाणार नाहीत याची?" मम्मींना तो विनोद आवडला नाही.

बोट निघाली आणि मम्मींना लागली. दोष त्यांचा नव्हता, लाटा होत्याच तशा. वहिनींनी त्यांना बादली दिली. पण धन्य त्या बाईची! बादली मांडीवर घेऊन त्यांनी कार्यक्रम सुरू केला. तोंड वर आलं की प्रश्न, खाली गेलं की विराम. "रविवारी दुकान असतं का तुझं?" मग बादली. "मासे करता येतात ना? याला ओल्या खोबऱ्याचं लागतं." पुन्हा बादली. "मी याच्याकडेच राहते हं, आधीच सांगते. कायमची. काही लोकांना नंतर जड जातं." मी म्हटलं, "मला नाही जाणार. आई जवळ असावी, मलाही तसंच वाटतं." त्या म्हणाल्या, "छान," आणि परत बादलीत गेल्या. माझी आई शेजारी बसून त्यांची पाठ चोळत होती आणि प्रत्येक प्रश्नाला माझ्या आधीच "हो हो" म्हणत होती.

मुलगा बोटीच्या टोकाला उभा राहून समुद्राकडे बघत होता. मधूनमधून वळून माझ्याकडे बघायचा आणि हसायचा. मला वाटलं, याला समजतंय.

खोल पाण्यात आल्यावर कप्तानाने इंजिन बंद केलं आणि एका पिंपातून माशांचा लगदा डावाने पाण्यात सोडायला सुरुवात केली. रक्त, आतडी, डोकी, सगळं एकत्र वाटलेलं. असला घाण वास की विचारू नका. आणि बरोबर त्याच मुहूर्तावर वहिनींनी डबा उघडला आणि कागदी बश्यांमध्ये पोहे भरायला लागल्या. "कार्यक्रम म्हटला की पोहे हवेतच गं. शास्त्र असतं ते." इकडे कप्तान शार्कना वाढतोय, तिकडे वहिनी आम्हाला. मी खाऊ शकले नाही, मम्मींनी तर बशीकडे बघून हातच जोडले. आई मात्र अलिबागची. तिने त्या वासात शांतपणे सगळी बशी संपवली आणि एक बशी कप्तानाला नेऊन दिली. त्याने चमचा बाजूला ठेवून लगद्याचा डाव धरलेल्याच हाताने पोहे खाल्ले आणि "गुड ॲज" का काय म्हणाला.

मग आला. आधी पाण्याखाली नुसती निळी सावली, मग वर शिडशिडीत लांब अंग. आम्ही सगळे एका बाजूला धावलो. आईने काठावरून वाकून बघितलं आणि ओरडली, "अगंबाई, ही तर मुशी! केवढी ही!"

"कालवण चांगलं होतं हिचं," मम्मींच्या तोंडून आजारपणातही निघून गेलं. मी त्यांना सांगितलं की इकडे फिश अँड चिप्सच्या दुकानात लेमन फिश म्हणून जे मिळतं तीही मुशीच असते. त्या म्हणाल्या, "काय सांगतेस! आम्ही दर शुक्रवारी आणतो." सबंध दिवसात आमचं तेवढं एकच मनापासूनचं संभाषण झालं.

मी खालच्या एवढ्याशा खोलीत जाऊन साडी सोडली आणि कप्तानाने दिलेला रबरी सूट अंगावर ओढायला लागले. ज्याने कोणी तो सूट शोधून काढला त्याला कंबर असलेली बाई माहीतच नसावी. धापा टाकत वर आले तेव्हा सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. पूर्वी मुलीला जरा चालून दाखव म्हणायचे, माझ्या मावशीला म्हणाले होते. मी त्या काळ्या रबरात फताक फताक करत पूर्ण बोटीची लांबी चालून दाखवली. मम्मींनी डोळे मिटून घेतले. बोट लागल्यामुळे असतील कदाचित.

आधी मुलगा उतरला, मग मी. पाणी इतकं थंड की माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो इथे लिहिता येणार नाही. तो मोठ्याने हसला आणि म्हणाला, "हां, आता ओळख झाली." मग आम्ही नळ्या तोंडात धरल्या आणि डोकी पाण्याखाली घातली.

खाली सगळा निळा काळोख आणि आवाज फक्त आपल्याच श्वासाचा. शार्क डावीकडून आला. पिंजऱ्याच्या इतक्या जवळून गेला की त्याच्या अंगावरचे ओरखडे दिसले. मोठा काळा गोल डोळा आमच्यावर रोखलेला. मी मागे सरकून पाठीमागचा गज घट्ट धरला. आणि हा? हा हलला नाही. उलट गजांपाशी पुढे झाला आणि शार्कच्या डोळ्याला डोळा भिडवून राहिला. मग न बघताच हात मागे करून त्याने माझं मनगट धरलं आणि मला हळूच पुढे घेतलं, स्वतःच्या बरोबरीने, पुढे ढकललं नाही की मागे लपवलं नाही. शार्कने आम्हाला एक पूर्ण प्रदक्षिणा घातली, नीट बघून घेतलं आणि निघून गेला. आजवरचे सगळे असेच गेले होते. फक्त याने 'कळवतो' म्हटलं नाही.

आम्ही डोकी वर काढली. गजांना धरून, पाण्यातले चष्मे कपाळावर सरकवून आम्ही श्वास घेत होतो. पाठीमागे डोंगरावर बर्फ, वर बोटीच्या काठाशी वहिनींचा कॅमेरा. लाटांच्या गोंगाटात आमचं बोलणं कोणाला ऐकू जाणार नव्हतं. मी म्हटलं, "एक गोष्ट आत्ताच विचारते. माझी आई माझ्याबरोबर राहील. कायमची. तिला दुसरं कोणी नाही. चालेल का?"

"अगं, त्यात विचारायचं काय?" तो म्हणाला. "घर एवढं मोठं आहे. बागेकडची खोली रिकामीच आहे, सकाळचं ऊन येतं तिथे. त्यांना ती देऊ."

"तुझ्या मम्मी?"

"मी बोलतो मम्मीशी. वर गेलो की लगेच."

इतका सहज म्हणाला तो! घासाघीस नाही, 'बघू' नाही. ऊनसुद्धा सांगितलं. मला त्या बर्फाच्या पाण्यात गरम वाटलं. मी मनातल्या मनात आईच्या मेथीच्या कुंड्या त्या बागेत नेऊन मांडल्या आणि कोणती कुठे ठेवायची तेही ठरवलं. मग शार्क परत आला, या वेळी त्याने पिंजऱ्याला धडक मारली, सगळा पिंजरा हलला, आणि मला जराही भीती वाटली नाही. मला तो माणूस आवडला होता. पूर्ण आवडला होता.

वर आलो. कप्तानाने टॉवेल दिले, चहा दिला, जिंजरनट बिस्किटं दिली. मम्मी आता बऱ्या झाल्या होत्या, बादली रिकामी होऊन कोपऱ्यात गेली होती. त्यांनी शाल सावरली आणि जाहीर केलं, "मला मुलगी पसंत आहे."

वहिनींनी टाळी वाजवली. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मम्मी आईकडे वळल्या. "आणि तुमचं मला वहिनींनी सांगितलं. तुम्ही परत जाणार म्हणे. बरंच आहे ते. पुण्यात आता ज्येष्ठांसाठी फार छान सोयी झाल्यात. डॉक्टर असतो, भजन असतं, जेवण आयतं. माझी एक मैत्रीण आहे तिथे. बाई इतकी खूश आहे! मी शब्द टाकते तुमच्यासाठी."

"हो हो," आई म्हणाली. "छानच की."

मी मुलाकडे बघितलं. तो जिंजरनट चहात बुडवत होता. मी थांबले. म्हटलं, घोट घेऊ दे त्याला, मग बोलेल. त्याने घोट घेतला. बिस्कीट विरघळून कपात पडलं, ते त्याने चमच्याने शोधलं. मग सूटची चेन खाली ओढली, वर ओढली. आता बोलेल, आता बोलेल. मम्मींचं पुण्यातल्या भजनांचं वर्णन संपत आलं होतं.

शेवटी मीच म्हटलं, "आपलं खाली काहीतरी बोलणं झालं ना?"

"हां," तो म्हणाला. "म्हणजे मम्मी, हिचं असं म्हणणं पडलं की हिच्या आई..."

"हिचं म्हणणं?" मी म्हटलं. "आणि बागेकडची खोली कोण देत होतं? शार्क?"

"कसली खोली?" मम्मींनी विचारलं.

"काही नाही, मम्मी. आपण घरी गेल्यावर बोलू."

ज्या माणसाने त्या जनावराच्या डोळ्याला डोळा भिडवला होता, त्याला आता कपातून मान वर काढवेना. मम्मी अगदी गोड हसल्या. "अगं, मुलीच्या घरी राहायचं म्हणजे त्यांनाच अवघडल्यासारखं होईल. हो की नाही हो?" हा प्रश्न त्यांनी आईला विचारला.

"हो हो, खरंय," आई म्हणाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काकू, तुम्ही मुलाच्या घरी राहता. तुम्हाला अवघडतं का?"

वहिनींच्या हातातला डाव पोह्यांच्या डब्यात पडला.

"ते वेगळं," मम्मी म्हणाल्या.

"वेगळं कसं?"

"मी त्याची आई आहे."

"आणि ही माझी कोण आहे?"

 कप्तानाला भाषा कळत नव्हती, पण सूर कळला असावा. त्याने विचारलं, "ऑल गुड?" वहिनी घाईघाईने म्हणाल्या, "हीप्स गुड, हीप्स गुड!" आणि त्याच्यापुढे आणखी पोहे केले.

हलत्या बोटीत साडी परत नेसणं शक्यच नव्हतं. मी ट्रॅकपँट घालून, नारायणपेठ सुपरमार्केटच्या पिशवीत कोंबून धक्क्यावर उतरले. आई माझ्याकडे बघत नव्हती. मम्मी आणि वहिनी पुढे गेल्या तेव्हा तो मागे थांबला. "मला जरा वेळ दे," तो म्हणाला. "मी बोलतो तिच्याशी. आणि तुला फोन करतो. मी स्वतः करतो." एक गाल तसाच हसला. मी मान हलवली. काय करणार? एवढ्यावरसुद्धा मी मान हलवली.

घरी आल्यावर आईने तोंड उघडलं. "जीभ आहे की कात्री? मोठ्या माणसांना असं बोलतात? जमत आलेलं घालवशील. माझ्यापायी तुझं मोडलं असं लोक म्हणतील, ते ऐकायला मी इथे राहू?" मी म्हटलं, "तू त्यांच्या भजनाला छानच की म्हणालीस! स्वतःच्या हाताने स्वतःची बॅग भरतेस!" ती म्हणाली, "मग काय करू? तुझ्या संसारात खिळ्यासारखी ठोकून घेऊ?" आम्ही इतक्या ओरडलो की शेजारच्या म्हातारीने भिंत वाजवली. मग दोघीही न जेवता झोपलो.

पुढचे दिवस मी कामावरून धावत घरी यायचे. आमचा फोन स्वयंपाकघराच्या भिंतीवर होता. मी तिथेच काही ना काही काम काढायचे. ओटा पुसायचा, पुसलेला पुन्हा पुसायचा. लांबचा फोन संध्याकाळनंतर स्वस्त असतो, म्हणजे तो संध्याकाळीच करेल. त्याची ड्यूटी असेल. मम्मी शेजारी बसल्या असतील, त्या उठायची वाट बघत असेल. त्याच्या वतीने मी एकाहून एक सबबी शोधल्या, त्याला स्वतःला इतक्या सुचल्या नसत्या. आई डायनिंग टेबलाशी बसून भाजी निवडायची. एक जुडी निवडायला ती पूर्ण संध्याकाळ लावायची आणि मला वाटायचं, अजून रागावलेली आहे.

शेवटी फोन वाजला तेव्हा मी कणीक मळत होते. हात भरलेले. आईने उचलला. वहिनी होत्या. त्यांचा आवाज नेहमीच फोनच्या बाहेर ऐकू यायचा. मुलाकडून होकार होता. मम्मींनी झालं गेलं पोटात घातलं होतं. आईसाठी पुण्यात त्यांनी चौकशीही केली होती, खोली लवकर धरावी लागते. फक्त मुलीने एकदा सॉरी म्हणावं, म्हणजे झालं.

मी आईकडे बघत उभी होते. आता ही म्हणणार, हो हो, तुम्ही म्हणाल तसं. मी पिठाच्या हातांनी फोन हिसकावून घ्यायला पुढे झाले.

"आम्हाला मुलगा पसंत नाही," आई म्हणाली.

 वहिनींच्या उभ्या कारकिर्दीत मुलीच्या आईकडून हे त्यांनी ऐकलं नसावं. त्या एकदम सुटल्या. "अहो, काय कमी आहे मुलात?"

"भित्रा आहे."

"भित्रा? तुमच्यासमोर तर शार्कच्या तोंडाशी उभा राहिला तो!"

"शार्कचं सोडा हो," आई म्हणाली. "शार्क काय त्याची मम्मी आहे?" आणि तिने फोन ठेवला. तो हुकवर नीट लागायला तिला तीनदा प्रयत्न करावा लागला.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, राग आला. "मला विचारायचं तरी!" मी ओरडले. "लग्न माझं आहे. मला न विचारता कसं ठरवलंस तू?"

ती खुर्चीवर बसली. "तू त्याच्या फोनची वाट बघत होतीस."

"मुळीच नाही."

"खोटं बोलू नकोस. मीपण बघत होते. रोज इथे बसून." तिने टेबलावरची निवडलेली भाजी उगीचच पुन्हा चाळली. "त्याने स्वतः केला असता ना फोन, नुसतं 'मम्मी ऐकत नाही, मला जमलं नाही' एवढं सांगायलासुद्धा केला असता, तर मी गेले असते गं पुण्याला. हसत गेले असते."